शाळेच्या वाटेवरचे सोबती

मूल झालं की घरात माणसांची रीघ लागते, आणि ती साधारण बारशापर्यंत टिकते. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आलेली झबली-टोपडी कपाटात गेली, की माणसं आपापल्या उद्योगाला लागतात. मग दोन खोल्यांच्या घरात आई, बाळ आणि संध्याकाळी उशिरा येणारा बाबा एवढेच उरतात. जुन्या मित्रमैत्रिणींनी पाठ फिरवलेली नसते; पण त्यांची भेटायची वेळ रात्री नऊची आणि बाळाची झोपायची वेळही तीच. माहेर एका गावी, सासर दुसऱ्या गावी. शेजारच्या फ्लॅटचं दार सकाळी आठला बंद होतं ते रात्री आठलाच उघडतं. चोवीस तास कुणीतरी अंगाला चिकटलेलं असूनही एकटं वाटतं, आणि हे बोलून दाखवायचीही चोरी असते. कारण ‘एवढं गोजिरवाणं बाळ आहे, आणखी काय हवं?’ असं उत्तर मिळण्याची खात्री असते.

ही तक्रार आता सरकारी कागदांवरही आली आहे. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पालकांवरच्या ताणाबद्दल एक जाहीर निवेदन काढलं. त्यात दिलेल्या एका पाहणीनुसार तिथल्या ६५ टक्के पालकांना एकटेपणा जाणवत होता. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७७ टक्के होतं आणि ज्यांना मूल नाही अशांमध्ये ५५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ च्या अहवालात जगातल्या दर ६ माणसांपैकी १ जण एकटेपणाने ग्रासलेला असल्याचं म्हटलं आहे.

यावर सहसा सुचवले जाणारे उपाय ठरावीक असतात. भिशी लावा, क्लब गाठा, सोसायटीच्या कार्यक्रमात भाग घ्या. ते चांगलेच आहेत. पण त्यांना रिकामी संध्याकाळ लागते आणि लहान मुलाच्या आईबापांकडे नेमकी तीच नसते. या प्रकरणात पाहायचा आहे तो उपाय रोजच्या कामातच बसणारा आहे. मुलाला शाळेत, अंगणवाडीत, मैदानावर किंवा क्लासला पायी नेणं आणि पायी आणणं. पालकांच्या टिकणाऱ्या ओळखी समारंभांतून कमी होतात. एकाच वाटेवर, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा घडलेल्या पाच-दहा मिनिटांच्या भेटींतून त्या जास्त होतात. असं म्हणायला चांगला आधार आहे.

जिन्याशेजारचं घर

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युद्धावरून परतलेले अनेक तरुण अमेरिकेत पुन्हा शिकायला लागले. त्यांच्यातल्या विवाहितांसाठी एमआयटी या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेने वेस्टगेट नावाची वसाहत उभारली. कुणालाही घर निवडायची मुभा नव्हती. जे रिकामं होईल ते मिळायचं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघा मानसशास्त्रज्ञांनी ही संधी साधली. वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री झाली ते त्यांनी विचारलं आणि १९५० मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले.

एका मजल्यावर पाच घरं होती. लगतच्या घरातल्यांना मित्र म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्के निघालं. मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या घरापर्यंत जाता जाता ते १० टक्क्यांवर आलं. दोन टोकांमध्ये अंतर तरी किती? मोजकी पावलं. त्याहून मजेशीर गोष्ट जिन्याची. तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त मित्र होते, कारण वरची मंडळी रोज त्यांच्या दारावरून जात. टपालपेट्यांजवळच्या घरांचंही तसंच. स्वभाव, आवडीनिवडी, शिक्षण या गोष्टी नंतरच्या. आधी पावलं एकमेकांच्या वाटेत यावी लागतात.

गिरगावात किंवा परळला चाळीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला एमआयटीची गरज नाही. सामाईक गॅलरीतून नळावर जाताना चार दारं ओलांडावीच लागत आणि प्रत्येक दारात कुणीतरी विचारायचंच, “काय गं, बाळाचा खोकला थांबला का?” आजच्या इमारतीत तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्टने थेट चौदाव्या मजल्यावर जाता येतं आणि वाटेत एकही दार लागत नाही.

रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये याला आणखी एक आधार दिला. एखादा चेहरा, शब्द किंवा आकृती नुसती पुन्हा पुन्हा नजरेस पडली तरी माणसाला ती हळूहळू आवडू लागते, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं. रोज आठ वाजून दहा मिनिटांनी वळणावर दिसणारा, मुलाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलेला तो बाबा आपल्याशी एक शब्द न बोलताही महिन्याभरात ‘आपल्यातला’ का वाटू लागतो, याचं हे उत्तर.

रस्त्यावर गाड्या किती, यावर मित्र किती

नुसतं जवळ राहून भागत नाही. मधल्या जागेत पाऊल टाकता आलं पाहिजे. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोमधले राहत्या वस्तीचे तीन रस्ते अभ्यासाला घेतले. घरं आणि माणसं बरीचशी सारखी, फरक रहदारीचा. एका रस्त्यावरून दिवसाला साधारण २,००० वाहनं जात, दुसऱ्यावरून ८,००० च्या वर आणि तिसऱ्यावरून जवळपास १६,०००. पहिल्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे त्या रस्त्यावर सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे लोक निघाले. तिसऱ्या रस्त्यावर मित्र ०.९ आणि ओळखीचे ३.१. ‘तुमचं म्हणता येईल असं क्षेत्र कुठवर?’ असं विचारल्यावर शांत रस्त्यावरची माणसं जवळजवळ अख्खा रस्ता दाखवत; गजबजलेल्या रस्त्यावरच्या माणसांचं जग घराच्या भिंतीपाशी संपत होतं. या कामावर आधारलेलं अ‍ॅपलयार्डचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीने त्याचा बळी घेतला.

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात केविन लायडन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीचा सूरही हाच होता. ज्या वस्त्यांतून दुकान, शाळा, बाग, चर्च पायी गाठता येतं, तिथले लोक शेजाऱ्यांना अधिक ओळखतात, इतरांवर अधिक विश्वास टाकतात आणि सार्वजनिक कामात अधिक भाग घेतात. जिथे प्रत्येक कामाला गाडी काढावी लागते तिथे हे सगळं कमी.

लहान मुलांच्या आईबापांना हा फरक सर्वांत आधी जाणवतो. बिनमुलांची माणसं ऑफिसात, व्यायामशाळेत, नाटकाला जाऊन आपली माणसं शोधू शकतात. चार वर्षांच्या मुलाच्या आईचं जग मात्र त्या मुलाच्या पावलांनी जिथवर जाता येतं तेवढंच असतं. ते जग जिवंत असेल तर तिचं निभतं.

१ किलोमीटर, १५ मिनिटं, २०० दिवस

आता थोडं गणित. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून १ किलोमीटरच्या आत असायला हवी आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. म्हणजे लहान मूल शाळेत चालत जाणार, हे नियमांनी गृहीतच धरलं आहे. सहा-सात वर्षांचं पोर वाटेतली मांजर आणि डबकं यांची दखल घेत १ किलोमीटर जायला किमान १५ मिनिटं घेतं. त्याच कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असं सांगितलं आहे. १५ मिनिटं गुणिले २०० दिवस म्हणजे ५० तास. तेही एकाच बाजूचे.

हा आकडा एका दुसऱ्याच अभ्यासात भेटतो. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांची आणि नव्याने विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्यांची मैत्री कशी वाढते ते तपासलं. २०१८ मध्ये त्यांनी मांडलेला अंदाज असा, की नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, पक्क्या मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. यातही अट आहे. कामाच्या निमित्ताने शेजारी बसून काढलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. मोकळेपणाने बोलण्यात गेलेले पडतात. नोकरी आणि मूल सांभाळणाऱ्या माणसाला मित्रासाठी ५० मोकळे तास काढायला सांगितले तर तो हसेल. शाळेच्या वाटेवर मात्र ते वर्षभरात आपोआप साठतात.

या वाटेवरची खरी जागा म्हणजे परतीचा टप्पा. जाताना सगळं लक्ष पोराकडे असतं. पाण्याची बाटली घेतली का, बूट नीट घातलेत का, समोरून रिक्षा येतेय. फाटकातून मूल आत गेलं की दिवसात पहिल्यांदा दोन्ही हात रिकामे होतात. डोंबिवलीत, ठाण्यात, सातारा-सांगलीत, कुठल्याही शाळेबाहेर या वेळी उभं राहून ऐकावं.

“तुम्ही ईशानच्या आई ना?”

“हो. आणि तुम्ही स्वराच्या. काल दिसली नाही ती.”

“ताप होता हो. अजून कणकण आहे, पण चाचणी आहे म्हणून हट्टाने आलीय.”

“इथे कोणाकडे दाखवता?”

एवढ्यात भाजीची गाडी येते. एक जण कोथिंबिरीची जुडी घेते, दुसरी थांबते. थांबण्याचं कारण नसताना कुणीतरी आपल्यासाठी थांबलं, ही ओळखीची पहिली पायरी. पुढे आठवड्याभरात डब्यात काय देता यावर बोलणं येतं, महिन्याभरात सासूबाईंच्या गुडघ्यांवर, दिवाळीपर्यंत पगार आणि घरभाड्यावर. मग एके दिवशी फोन येतो, “मला निघायला उशीर होतोय, तेवढं स्वरालाही घेऊन याल का?” ज्या माणसाच्या हातात आपण आपलं पोर निर्धास्त देतो त्याच्याशी आपलं नातं कोणत्या प्रतीचं आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. शाळेच्या फाटकापाशी ही विनंती करता येईल असं एक तरी माणूस असणं आणि नसणं, यात पालकांच्या रोजच्या ताणाचा मोठा हिस्सा सामावलेला आहे.

चालता चालता बोलणं सोपं का जातं

आपल्याकडे कुणाला घरी बोलवायचं म्हणजे पसारा आवरणं आलं, चहा-पोहे आले, आणि ‘आता तुम्ही या आमच्याकडे’ हे कर्जही आलं. लहान मूल असलेल्या घराला हा खर्च पैशापेक्षा श्रमात परवडत नाही. वाटेवरच्या भेटीत पाहुणचाराचा प्रश्नच नसतो. कोणाचं घर केवढं, सोफा कसा, हे कळत नाही. संभाषणाचा शेवटही ठरलेला असतो. वळण आलं की “चला, येते” म्हणून सुटता येतं, आणि सुटका सोपी असली की बोलायला सुरुवात करण्याची भीती वाटत नाही.

शिवाय चालताना माणसं शेजारी शेजारी असतात, समोरासमोर नाही. नजरेला नजर भिडवावी लागत नाही, त्यामुळे अवघड विषय निघू शकतो. मध्येच गप्प राहिलं तरी ते खटकत नाही. रस्ताच बोलायला काहीतरी पुरवतो. बरोबर चालणाऱ्या दोघांची पावलं नकळत एका लयीत पडू लागतात, हेही संशोधकांनी मोजून पाहिलं आहे.

बाळंतपणानंतरच्या दिवसांत तर याचा उपयोग अधिकच. ऑस्ट्रेलियात आर्मस्ट्राँग आणि एडवर्ड्स या संशोधकांनी नैराश्याची लक्षणं असलेल्या नवमातांचे दोन गट केले. एक गट बाबागाड्या घेऊन एकत्र चालायचा, दुसरा नुसता एकत्र बसून बोलायचा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या अभ्यासात चालणाऱ्या गटातली लक्षणं अधिक कमी झाली. बाळंतपणानंतरच्या नैराश्याला डॉक्टरची जागा चालणं घेऊ शकत नाही, पण बाळाला घेऊन रोज बाहेर पडणं ही उपचाराला चांगली जोड आहे. आपल्याकडच्या फुटपाथवर बाबागाडी चालणं कठीण. तिथे कडेवरचं मूल आणि सोसायटीच्या आतली फेरी हाच व्यवहारी मार्ग.

थोड्या ओळखीचा मोठा उपयोग

वाटेवर भेटलेला प्रत्येक जण जिवलग होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ मधला निबंध या बाबतीत पायाभूत मानला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्याने खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? ६ पैकी ५ जणांचं उत्तर होतं, ‘अधूनमधून’ किंवा ‘क्वचित’. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातला माणूस आणतो.

पालकांना लागणारी माहिती नेमकी अशीच विखुरलेली असते. रात्री अपरात्री फोन उचलणारे बालरोगतज्ज्ञ कोण, शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांचा ऑनलाइन अर्ज भरताना कोणता कागद अडतो, कोणत्या पाळणाघरात मुलांना टीव्हीपुढे बसवून ठेवत नाहीत, स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी क्लास खरंच लागतो का. ही उत्तरं नातेवाइकांकडे नसतात. वरच्या वर्गातल्या मुलाच्या बाबांकडे असतात.

यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा वर्गाचा ग्रुप आहेच की, असं कुणी म्हणेल. तो ग्रुप म्हणजे सूचनाफलक आहे. उद्या रंगीत कपडे घालायचेत का, गृहपाठाचं पान कोणतं, हे तिथे चटकन कळतं. पण ‘माझा मुलगा वर्गात कुणाशी बोलत नाही’ हे वाक्य साठ जणांच्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही. ते चालताना, आवाज खाली आणून, एकालाच सांगितलं जातं. दुसरीकडे, नुसत्या नमस्कारापुरत्या ओळखीही वाया जात नाहीत. ज्या दिवशी अशा लोकांशी जास्त वेळा बोलणं होतं त्या दिवशी माणसं अधिक समाधानी असतात, असं जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना २०१४ च्या अभ्यासात आढळलं.

बाहेर पडायला निमित्त

स्त्रियांच्या बाबतीत या चालण्याला आणखी एक बाजू आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रिया सार्वजनिक जागा कशा वापरतात याचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर दिसली तर तिच्याकडे काहीतरी काम असलं पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. म्हणून बायकाही हातात पिशवी, सोबत मूल, कानाला फोन असं काहीतरी ‘कारण’ घेऊनच वावरतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. ‘जरा पाय मोकळे करून येते’ म्हटलं तर घरातून चार प्रश्न येतात. ‘पोराला सोडून येते’ म्हटलं तर एकही येत नाही. कित्येक घरांत तरुण आईला मिळणारा हा एकमेव बिनचौकशीचा अर्धा तास असतो, आणि मैत्रिणी त्यातच मिळतात.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत, घरच्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १३७ मिनिटं वेळ त्यात जातो आणि पुरुषांचा ७५ मिनिटं, असं दिसलं. या आकड्यात बापांचं नुकसानही लपलेलं आहे. मुलाला फाटकापर्यंत सोडणारे बाबा थोडे, त्यातले बरेच दुचाकीवरून. हेल्मेट न काढता पोराला उतरवतात आणि पुढच्या सिग्नलला पोचलेलेही असतात. पालकसभेला हेच बाबा भिंतीला टेकून मोबाइल बघत उभे राहतात, कारण तिथे त्यांच्या ओळखीचं कुणी नसतं.

बाप एकमेकांत मिसळताना पाहायचे तर दादरच्या शिवाजी पार्कला जावं. मैदानाभोवतीच्या कट्ट्याला एक फेरी मारली की जवळपास सव्वा किलोमीटर होतं. आत नेट्समध्ये मुलं बॅटिंगची पाळी येण्याची वाट पाहत असतात आणि बाहेर त्यांचे आईबाप फेऱ्या मारत असतात. दोन फेऱ्यांत मुलाचा बॅकफूट, तिसरीत दहावीनंतर क्रिकेट ठेवायचं की नाही, आणि चौथीत विरारहून पोराला घेऊन लोकलने येणाऱ्याला “शनिवारी माझ्याकडेच थांबा” असं आमंत्रण. शाळा वेगळ्या, भाषा वेगळ्या, पगार तर फारच वेगळे. सारखी गोष्ट एकच, की सगळ्यांना एकाच मैदानाशेजारी दीड तास काढायचा आहे.

खेड्यात हे काम अंगणवाडी करते. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा दंडक आहे, म्हणजे ती पायी जाण्याच्या अंतरावरच येते. लग्न होऊन गावात नव्याने आलेल्या मुलीला पहिल्या मैत्रिणी पुष्कळदा तिथल्या वाटेवरच भेटतात. आणि साता समुद्रापार, जिथे फुटपाथही धड नसतात अशा अमेरिकी उपनगरांत हे काम सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेले आजी-आजोबा करतात. त्यांना गाडी चालवता येत नसते, म्हणून ते नातवाला बाबागाडीत घालून चालत सुटतात. तिसऱ्या दिवशी त्यांना नागपूरचे आजोबा भेटतात, पाचव्या दिवशी गुंटूरच्या आजी, आणि पंधरवड्यात दोन्ही घरच्या तरुण जोडप्यांची गाठ पडते. ती दोन वर्षं एकाच गल्लीत राहत असतात.

मग आपण चालत का नाही?

अमेरिकेत १९६९ मध्ये ४८ टक्के शाळकरी मुलं पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ मध्ये हा आकडा १३ टक्क्यांवर आला. आपल्या शहरांची चालही त्याच दिशेची आहे, पण आपली कारणं थोडी वेगळी. एकाच इमारतीतली आठ मुलं आठ शाळांत जातात. एकाची बस साडेसहाला, दुसऱ्याची व्हॅन सातला, तिसऱ्याचे रिक्षावाले काका पावणेआठला. शाळेच्या वाटेवर शेजारी भेटावा तर शेजाऱ्याची वाटच दुसरी. जवळची शाळा सोडून लांबची निवडताना आपण माध्यम, निकाल, फी हे सगळं तोलतो. त्या निवडीबरोबर वस्तीतल्या ओळखीही गेल्या, हा खर्च कुणी मांडत नाही.

दुसरं कारण भीती, आणि ती खोटी नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. फुटपाथवर दुचाकी, झेब्रा पट्ट्यांवर रिक्षा, उघडं गटार, मध्येच विजेचा डीपी. अशा रस्त्यावर मुलाला चालवत न्या, असा उपदेश आईबापांना करणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा करायला सुरुवात केली. एरवी जिथे मुलाचा हात घट्ट धरून अंग चोरत जावं लागतं, तिथे त्या दिवशी पोरं रस्त्याच्या मधोमध खेळतात. उरलेल्या ३६४ दिवसांचं काय, हा प्रश्न त्या दिवशी प्रत्येकाला पडायला हवा.

भीती आणि वेळ या दोन्हींवर एक देखणा तोडगा ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंग्विख्ट यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवला. चालती शाळाबस. बसला चाकं नाहीत. मार्ग, थांबे आणि वेळापत्रक मात्र ठरलेलं. पुढे एक पालक, मागे एक पालक, मध्ये मुलांची रांग, आणि थांब्याथांब्यावर नवी मुलं रांगेत येतात. पालक पाळी लावून घेतात, त्यामुळे प्रत्येकाला आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच जावं लागतं. ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा अनेक देशांत ही कल्पना पसरली. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात सायमन किंगहॅम आणि शॅनन अशर यांनी २००७ मध्ये तिच्या फायद्यांचा आढावा घेतला, तेव्हा कमी झालेली गर्दी आणि व्यायाम यांच्या बरोबरीने पालकांनी सांगितलेला फायदा होता, आसपासची माणसं ओळखीची झाली. जपानमध्ये तर शाळेत गटाने चालत जाणं ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. मोठी मुलं लहानांना घेऊन निघतात आणि चौकाचौकात पालक पाळीपाळीने पिवळे झेंडे घेऊन उभे राहतात.

आपल्याकडे यासाठी योजना, निधी किंवा उद्घाटन लागत नाही. एकाच शाळेत जाणारी तीन घरं पुरेत. शाळा लांब असेल तर बसच्या थांब्यापर्यंतची वाट, संध्याकाळचा तबल्याचा क्लास, कराटे, मैदान, वाचनालय, यांतलं एक तरी पायी ठेवावं. वेळ आणि वाट शक्यतो रोज तीच असावी, कारण ओळख पुन्हा पुन्हा दिसण्यातून होते. पाच मिनिटं आधी निघावं. घाईत असलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही. फोन खिशात राहू द्यावा. ‘ईशानची आई’ म्हणून जिला ओळखता तिला तिचं नाव विचारावं. आठवड्यातले दोन दिवस बाबांनी जावं, आणि दुचाकी घरी ठेवून जावं. जवळच्या दोन चांगल्या शाळांत निवड करायची वेळ आली तर चालत जाता येईल या मुद्द्याला ‘फी’ आणि ‘निकाल’ यांच्याच ओळीत जागा द्यावी.

आणि शाळेसमोरचा फुटपाथ मोडका असेल, झेब्रा पट्टे पुसले गेले असतील, तर वॉर्ड ऑफिसात एकट्याने अर्ज करू नये. रोज त्या वाटेने जाणाऱ्या वीस पालकांच्या सह्या घ्याव्यात. त्या सह्या गोळा करायला जितका कमी वेळ लागेल, तितक्या तुमच्या ओळखी पक्क्या आहेत असं खुशाल समजावं.